सरकीची पिशवी

११ डिसेंबर. आजचं काम: एका लग्नघरची सात ब्लाउजं, एका परकराची कंबर सैल करणं, आणि या सगळ्याच्या आधी, उंदराएवढ्या एका जनावराला छातीवर बांधून हिंडवण्यासाठी पिशवी. तिसऱ्यांदा.

दुकानातल्या कॅलेंडरवर मी त्या दिवसाच्या चौकटीत एवढंच खरडलं होतं: ‘तात्या. पिशवी. पुन्हा.’

नांदुऱ्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. एका मशीनवर मी ब्लाउज शिवते, दुसऱ्यावर शमीमआपा पिको-फॉल करते. आमच्याकडे पुरुष सहसा पायरीखाली उभे राहतात, पिशवी हातात देतात आणि आकाशाकडे बघत माप सांगतात. सरळ आत येऊन स्टुलावर बसणारा पुरुष एकच. ग्रेडर तात्या.

तात्या तुम्हाला पहिल्यांदा भेटले, तर नमस्काराच्या आधी ते तुमच्या शर्टाची बाही चिमटीत धरतील. कापड अंगठ्याखाली एकदा घासतील, डोळे मिटतील आणि निकाल देतील. “पॉलिस्टर जास्त. कापूस नावाले.” त्यानंतर मग, कसे आहात, कुठले आहात. लग्नात ते नवरदेवाच्या कोटाला हात लावून येतात. तहसीलच्या एका साहेबांना त्यांनी भर कचेरीत सांगितलं होतं, “साहेब, हे सगळं नायलॉन हाय. मे महिन्यात घामोळं येईन तुमाले.” साहेबांना मे महिन्यात खरंच घामोळं आलं म्हणतात, पण ते तर सगळ्यांनाच येतं. एकदा एका मयतीच्या घरी त्यांनी कफनाला हात लावला आणि हलकेच म्हणाले, “कापूस हाय. पयला नंबर.” गंमत म्हणजे त्या घरच्या माणसांना त्याने बरं वाटलं.

बायकांच्या कपड्याला ते हात लावत नाहीत. तेवढी रीत पाळतात. लांबून बघतात आणि मान हलवतात. ते जास्त लागतं.

सगळी नोकरी त्यांनी एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात काढली. शेतकऱ्याची गाडी आली की ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला कापूस काढायचा, रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा. धागा किती लांब, किती ताकदीचा, ते बोटांना कळतं. डोळ्यांवर त्यांचा भरवसा नाही. “डोये फसवतात, शोभाबाई. हात नाई फसवत. हात लावल्याबिगर मले काई सांगू नका.” हे वाक्य दिवसातून किती वेळा येतं ते मोजायचं मी सोडून दिलं आहे.

नोकरी संपली, ग्रेड देणं संपलं नाही. चहा, भाषण, जावई, पाऊस, सगळ्याला चारच ग्रेड. सुपर, पयला नंबर, चालते, आणि कवडी. कवडी म्हणजे किडका, डागी कापूस, ज्याला व्यापारी दारात उभं करत नाही. माझ्या चहाला अजून ‘चालते’च्या वर चढता आलेलं नाही. शमीमआपाच्या ईदच्या शिरखुर्म्याला मात्र एकदा ‘सुपर’ मिळालं, तेव्हापासून तात्यांचे सगळे गुन्हे तिच्याकडे माफ आहेत.

तात्या एकटे राहतात. म्हणजे बायको आहे, निर्मलाकाकू, चांगली धडधाकट. पण ती पुण्याला आहे. सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणाला ‘दोन महिन्यांत येते’ म्हणून गेली. ते बाळ आता दप्तर घेऊन शाळेत जातं. जाताना काकू आपलं मापाचं ब्लाउज माझ्याकडे ठेवून गेली. आमच्या धंद्यात प्रत्येक गिऱ्हाईक आपलं एक अंगाला नीट बसणारं जुनं ब्लाउज मापासाठी देऊन ठेवतं. त्यावर नाव लिहून मी मागच्या भिंतीला दोरीवर लावते. काकूंचं हिरवं आहे, बगलेत ठिगळ लावलेलं. “आल्याबरोबर दोन शिवून घेईन व,” म्हणाली होती.

मधूनमधून काकूंचा मला फोन येतो. गावातली लग्नं, मरणं, भाजीचे भाव, सगळं विचारून झालं की शेवटी म्हणते, “मी येऊन जाईन व शोभा. पन कोनी ‘ये’ म्हनलं तर पाह्यजे.” मी तात्यांना विचारलं की ते म्हणतात, “तिचं घर हाय. सोताच्या घरी यायले काय निमंत्रण लागते?” दोघांचंही बरोबर आहे. म्हणूनच एवढी वर्षं गेली.

तात्यांच्या घरात कापसाशिवाय दुसरं कापड चालत नाही. चादर, पडदा, पायपुसणं, सगळं सुती. काकूंच्या भावाने एकदा राखीला फुलाफुलांची जांभळी नायलॉनची साडी दिली होती. ती घडी न मोडता शेजारणीकडे गेली. काकू त्या साडीबद्दल अजून बोलते.

तर या माणसाकडे दिवाळीत त्याचा मुलगा एका दिवसासाठी गाडीने आला आणि जाताना एक पिंजरा ठेवून गेला.

पिंजऱ्यात शुगर ग्लायडर नावाचं जनावर होतं. हे परदेशातलं, झाडावर राहणारं. अंग करडं, कपाळापासून पाठीवरून काळी रेघ, डोळे मण्यांसारखे मोठे. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीची झालर असते. ती पसरून ते कपाटावरून पडद्यावर तरंगत जातं. नातवाने हौसेने जोडी आणली होती. त्यातलं एक मेलं. उरलेल्याच्या केसांनी सुनेला दम लागायला लागला. टाकायचं कुठे? काकूच म्हणाली म्हणे, “आजोबांकडे नेऊन द्या. ते करतील.”

“मले कोनी इचारलं नाई,” तात्या म्हणाले. त्यांनी पिंजऱ्यात बोट घातलं, अर्थात हात लावल्याबिगर कसं. जनावराने बोट फोडलं. तात्यांनी रक्त धोतराला पुसलं आणि म्हणाले, “लव पाह्यली? अस्सल सरकी.” रुई काढून झाल्यावर कापसाचं जे करडं, लव असलेलं बी उरतं, ती आमच्याकडची सरकी. नातवाने ठेवलेलं बिस्किट हे नाव त्या दिवशी गेलं.

नातू फोनवरून शिकवायचा. “आजोबा, ती दिवसभर झोपते. झोपताना तिला छातीशी ठेवायचं, म्हणजे तिला तुमची सवय होईल. एकटी ठेवली तर ती झुरते. बॉन्डिंग पाऊच मागवा ना, ऑनलाइन मिळतं.”

“हात लावल्याबिगर?” तात्या म्हणाले, आणि माझ्याकडे आले.

पहिली पिशवी मी मांजरपाटाची शिवली. कापड त्यांनीच आणलं, स्वतः धुऊन, वाळवून, मऊ करून. गळ्यात पट्टा, छातीवर पिशवी, वर बटण. तात्या ती घालून चहाच्या टपरीवर गेले. सरकीने आतून कोपरा कुरतडला आणि पिशवीतून निघून सदऱ्यात शिरली. त्या दिवशी टपरीवर जे होते ते सांगतात की तात्यांनी अर्धा कप हातात धरून, एक थेंब न सांडता, संपूर्ण अंग घुसळून काढलं. तोंडाने मात्र “सरके, बाई, अशी नको करू” एवढंच.

दुसरी पिशवी ही त्यांची स्वतःची कल्पना. म्हणाले, “पातळ होतं. थंडी हाय. गोधडीवानी शिवा.” घरून निवडक रुई घेऊन आले, जिनिंगमधल्या कुठल्या जुन्या वर्षाची, डब्यात जपून ठेवलेली. “असा धागा आता होत नाई.” मी सुती कापडाच्या दोन पदरांत ती रुई भरून बारीक टाके घातले. एवढी सुबक गोधडी मी माझ्या लेकरांसाठी शिवली नव्हती. शमीमआपा म्हणाली, “तात्या, याच्यात तर मीच झोपीन.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तात्या धावतच दुकानात आले. पिशवीतून जुन्या मशीनला तेल नसल्यावर येतो तसा कर्र कर्र आवाज येत होता. सरकीची नखं आकड्यासारखी वळलेली असतात. एक नख टाक्यात अडकलं होतं, सोडवायला ती पाय ओढत होती, आणि ओढेल तसा दोरा आवळत होता. मी कात्री घेतली. तात्यांनी तिला धरलं, ती त्यांना चावत राहिली, त्यांनी हात हलवला नाही. मी टाका कापला. पाय सुटला.

“कापूसच होता ना हो,” तात्या म्हणाले. त्यांचा आवाज असा होता की जणू कापसाने स्वतः येऊन त्यांना फसवलं होतं.

तोवर तिचं खाणं कमी झालं होतं. पपईला तोंड लावायची नाही. मध बोटाला लावून दिला तर बोट चावायची. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तात्या तिला घेऊन गेले. बाहेर दोन म्हशी, एक बकरी आणि हे. डॉक्टर तरुण होते, भले होते. म्हणाले, मला म्हशीचं विचारा, याचं मी माझ्या पुण्याच्या मित्राला विचारतो. त्यांनी तिथेच फोन लावला. मित्राने सांगितलं ते डॉक्टरांनी तात्यांना सांगितलं आणि तात्यांनी मला: ज्यात नख अडकेल असं कापड नको, टॉवेल नको, विणलेलं नको, चेन नको, तिची झालर चेनमध्ये येते, आणि कापड कोणतं, तर थंडीच्या जॅकेटला आतून लावतात ते. फ्लीस.

शेवटी डॉक्टर म्हणाले होते, “तात्या, ही खात नसेल तर फार दिवस काढायची नाही.” हे तात्यांनी मला सांगितलं नाही. शमीमआपाचा पुतण्या आपली बकरी घेऊन तिथे बसला होता, त्याच्याकडून कळलं.

स्टेशनजवळ थंडीत रस्त्यावर ब्लँकेटवाले बसतात. त्यांच्याकडून मी फ्लीसचा एक तुकडा आणला आणि तात्यांसमोर ठेवला. तात्यांनी तो दोन बोटांत उचलला, मेलेली पाल उचलावी तसा.

“प्लास्टिक.”

“मऊ हाय, तात्या.”

“बाटल्या वितळून करतात हे. मी छातीवर बाटली बांधू?”

“तुमी नका बांधू. सरकीले इचारा,” शमीमआपा म्हणाली. “तिले थोडीच जिनिंगमधी नोकरी कराची हाय.”

तात्या उठून गेले. दोन दिवस आले नाहीत. अकरा तारखेला सकाळी आले, स्टुलावर बसले नाहीत, पायरीखालीच उभे राहिले. “शिवा,” म्हणाले. “फक्त शिवताना मले दाखवू नका.”

ती तिसरी पिशवी. आतली शिवण सगळी बाहेर घेतली, म्हणजे नखाला धागा लागू नये. वर चेनऐवजी मोठं बटण. हवेला जाळी लावायची तर नखं जाळीत जातील, म्हणून चार गोल भोकं पाडून काठ शिवले. सात ब्लाउजं मागे राहिली. लग्नघरच्या बाईने माझ्या पाठीशी उभं राहून विचारलं, “हे कोनाचं माप व?” मी म्हटलं, “एका पाहुणीचं.”

पिशवी झकास झाली. नख अडकलं नाही, कोपरा कुरतडला नाही. फक्त सरकी आत राहीना. घातली की कर्र कर्र करून बाहेर. नातवाने सांगितलं होतं की अंगावरचा कपडा आत ठेवायचा, वासाने सवय होते. तात्यांनी आपला बनियन ठेवला. सरकी बनियनवर मुतली आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

आता त्या हिवाळ्याबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. ते गुलाबी बोंडअळीचं वर्ष. बीटीचं बी, पाकिटावर छापलेलं की अळी येत नाही, आणि बोंड बाहेरून हिरवंगार. फोडलं की आत गुलाबी अळी, आणि कापूस पिवळा, घट्ट, गाठी झालेला. लोकांनी उभ्या पिकात जनावरं सोडली. तात्यांकडे तेव्हाही माणसं यायची; नोकरी नसली तरी बाजारात न्यायच्या आधी मूठभर त्यांना दाखवायची जुनी सवय. तात्या पुंजका ओढायचे. तो तुटायचा. पूर्वी ते ठणकावून सांगत, ‘कवडी’. त्या वर्षी म्हणायचे, “बाजारात दाखवून पाहा, भाऊ. मले आजकाल बोटाले समजत नाई.” मी हे स्वतः ऐकलं आहे. माणूस पुढे गेला की ते ती तुटकी रुई फेकत नसत, सदऱ्याच्या खिशात ठेवत.

ग्लायडर किडेही खातं, हे नातवाकडून कळल्यावर तात्यांनी लोकांना किडकी बोंडं आणायला सांगितलं. लोक पहिल्यांदा हसले. मग आणायला लागले. तात्यांची अट एकच: ज्या वावरात आता फवारणी सोडून दिली आहे तिथलीच. अशी वावरं बरीच होती. “घ्या तात्या, आमच्याकडं लई पीक हाय,” असं म्हणत माणसं पिशव्या ओतायची. अवघ्या तालुक्यात त्या वर्षीच्या मालाला एवढं एकच गिऱ्हाईक होतं, आणि तेही तोंड लावत नव्हतं.

मग एका दुपारी तात्या दुकानात बसून नातवाशी बोलत होते. ओरडूनच, फोनवर समोरचा जितका लांब तितका त्यांचा आवाज मोठा. “पुन्यात झोपत होती ना? मंग इथं काऊन नाई झोपत?” नातू काय म्हणाला ते आम्हाला ऐकू आलं नाही.  फोन ठेवल्यावर तात्या म्हणाले, “तिथं ती आजीच्या पदरात झोपे म्हनते. दिवसभर. आजी टीवीवर शिरेल पाहे आन हे कमरेशी.”

“मंग काकूचाच वास पाह्यजे तिले,” मी म्हटलं.

“हाव.”

“मंग सांगा काकूले.”

तात्या उठले आणि घरी गेले. संध्याकाळी पुन्हा आले, हातात काकूंचं जुनं सुती लुगडं. ट्रंकेतून काढलेलं. त्याचा एक कोपरा त्यांनी सरकीपुढे धरला होता, ती शिंकली. मला म्हणाले, “तुमी पाहा बरं.” मी नाकाला लावलं. नुसत्या डांबरगोळ्या.

“काई उरलं नाई याच्यात,” तात्या म्हणाले, आणि त्यांनी स्वतःही एकदा नाकाशी नेलं, खात्री करायला. जरा जास्त वेळ खात्री केली.

मला दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत पडायची आवड नाही. पण ब्लाउजं पडून होती आणि हे जनावर माझ्या दुकानात मरायला नको होतं. मी काकूंचा नंबर लावला आणि फोन तात्यांच्या हातात दिला. मग मशीन सुरू केलं, त्यांना संकोच नको म्हणून. सुईखाली कापड नव्हतं. शमीमआपानेही तिचं सुरू केलं. दोन मशीनच्या आवाजातून तात्या सगळ्या रस्त्याला ऐकू जात होते.

“मी बोलून राह्यलो... हाव, जेवलो... नाई, सरकी नाई जेवली... कोन सरकी म्हंजे? तुमचं बिस्किट!... ऐक. तुह्या साड्यांतली एक धाडून दे... जुनी नाई. नेसलेली... हाव, नेसलेलीच म्हनतो... धुऊ नको.”

पलीकडून काकूने काहीतरी विचारलं. मग तात्या कानापर्यंत लाल झाले.

“माह्यासाठी नाई व! सरकीसाठी!”

शमीमआपाचं मशीन बंद पडलं. ती फॉलच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून बसली होती, खांदे हलत होते.

पार्सल पुण्याच्या ट्रॅव्हल्सने आलं. ड्रायव्हरच्या हातून ते घ्यायला तात्या पहाटेपासून थांब्यावर बसले होते. घरी न उघडता तसंच माझ्याकडे आणलं. मी दोरा तोडला. आत साडी, चुरगळलेली, घाईत गोळा करून कोंबलेली. जांभळी. फुलाफुलांची. जॉर्जेट.

मी तात्यांकडे बघितलं नाही. शमीमआपाने बघितलं.

तात्यांनी साडीचा काठ चिमटीत धरला. अंगठ्याखाली घासला. डोळे मिटले. नेहमी निकाल लगेच येतो. त्या दिवशी आला नाही.

“हे ती नेसते?”

“पुन्यात वाळत घालाले जागा नसते, तात्या. हे लवकर सुकते,” मी म्हटलं.

“कवापासून?”

“ते तिलेच इचारा.”

त्यांनी पुन्हा घासून पाहिलं. “याच्यातलं मले काई समजत नाई,” म्हणाले. एवढ्या वर्षांत कापडाबद्दल हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी पदराचा हातभर तुकडा कापला. कात्री लागली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. तुकडा घडी करून, काठ मुडपून, फ्लीसच्या पिशवीत आतून बसवला. तात्यांनी घरून पिंजरा आणला, त्याचं दार उघडलं आणि पिशवी दाराशी धरली. सरकी आली. नाक आत घातलं. मग अख्खी आत गेली, दोनतीनदा गोल फिरली, कापड अंगाखाली ओढलं. करकर नाही. काहीच नाही. तात्यांनी पट्टा गळ्यात घातला आणि इतके सावकाश स्टुलावर बसले की स्टूल वाजलं नाही.

दिवेलागणीला पिशवीतून तोंड बाहेर आलं. तात्यांच्या खिशात एक किडकं बोंड होतंच. त्यांनी ते फोडून गुलाबी अळी पुढे धरली. सरकीने ती दोन्ही हातांत कणीस धरावं तशी धरली आणि डोक्याकडून खायला सुरुवात केली. मग दुसरी. मग तिसरी. तात्यांचं बोट तिच्या तोंडापाशी होतं, ते तिने चाटलं.

“खाते वो,” तात्या म्हणाले. त्यांचा आवाज एकदाच लहान निघाला.

जाताना उरलेली साडी त्यांनी काखेत घेतली.

“ते कुठं नेता?” शमीमआपाने विचारलं.

“लागीन सरकीले.”

“पाच मीटर?”

तोवर तात्या रस्त्यावर पोचले होते.

त्यानंतर ते पिशवी घालून सगळीकडे जाऊ लागले. बाजारात, बँकेत, मयतीला. चालताना एक हात छातीवर. लोक बाही पुढे करायचे, “तात्या, पाहा बरं कोनतं कापड,” आणि ते म्हणायचे, “थांब बे, झोपली हाय.” बाही तशीच राहायची. पट्टा सैल झाला की माझ्याकडे यायचे, मी टाका मारायचे. तात्यांच्या कपड्यांत आता दुसरा एक वास मिसळला आहे हे माझ्या लक्षात आलं होतं, पावडरचा आणि खोबरेल तेलाचा. पाच मीटर कुठे अंथरले जातात ते मी विचारलं नाही.

डिसेंबर संपता संपता एका संध्याकाळी ते आले. दुकान आवरायची वेळ होती. स्टुलावर बसले. पिशवीखालून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि कटिंगच्या टेबलावर ठेवलं. नवी साडी. जॉर्जेट. फुलं जरा जास्तच मोठी.

“दुकानदारानं दिली ते घेतली. हात लावून पाह्यला, पन...” त्यांनी हात हवेत उलटा केला. “तुमी सांगा. कशी हाय?”

मी घासून पाहिली. “पयला नंबर,” म्हटलं.

त्यांनी मान हलवली, आणि पुढे झुकून म्हणाले, “याच्यात बिलाऊजचा कपडा हाय. तिचं माप तुमच्याजवळ असन ना?”

“हाय.”

“मंग शिवून ठेवा.”

मी चिठ्ठी घेतली, नाव लिहिलं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते ते विचारलं. “कधी पाह्यजे?”

एवढा साधा प्रश्न. तात्यांनी पिशवीवर हात ठेवला. आत सरकी जागी होत होती, कापड हलत होतं. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा कॅलेंडरकडे.

“तिले फोन लावतो आन इचारतो,” ते म्हणाले. “कधी येते ते.”

पायरी उतरून रस्त्यावर गेले आणि खिशातून स्वतःचा फोन काढला. मी शटर अर्धं ओढलं. रस्ता अर्धा ओलांडेपर्यंतच ते ओरडायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लग्नघरची ब्लाउजं बाजूला ठेवून, मी मागच्या भिंतीवरून काकूंचं हिरवं ब्लाउज काढलं, झटकलं, टेबलावर पसरलं आणि नवं कापड बेतलं. जुन्याला बगलेत ठिगळ होतं, म्हणजे तेव्हाच घट्ट होत होतं. त्यात पुण्याची इतकी वर्षं. दोन्ही बाजूंना शिवणीत एकेक इंच जास्त सोडला.